नवरा सोसत नाही

तक्रार : खाज. कधी जळजळ. कधी दोघी हातात हात घालून.
ठिकाण :
केव्हापासून : वापर सुरू झाल्यापासून.
सुरक्षा : ठीक.

ठिकाणाचा रकाना मी तीनदा भरला आणि तीनदा खोडला. कार्ड पेन्सिलीने भरायचं असतं, म्हणून निभावलं.

मी लिफ्ट दुरुस्त करते. आमच्याकडे प्रत्येक लिफ्टचं एक जाड पुठ्ठ्याचं कार्ड असतं, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत खिळ्याला टांगलेलं. तक्रार काय, काय बदललं, फरक पडला का. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचा एकच कायदा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन दिवस थांबायचं, फरक नसेल तर जुनी गोष्ट परत बसवायची, आणि लिहायचं. "दोन गोष्टी एकदम बदलल्यास आणि लिफ्ट चालली, तर तुला काय कळलं? घंटा. तू नुसती नशीबवान ठरलीस. आणि नशिबाचा पगार कंपनी देत नाही."

तर लग्नाला अकरा दिवस झाले होते. अकरापैकी नऊ दिवस वापर होता (उरलेले दोन दिवस सासूबाईंना सर्दी होती, त्या घराबाहेर पडल्याच नाहीत). आणि मी एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत, कोरं कार्ड मांडीवर घेऊन बसले होते. बसले म्हणजे काय, टेकले होते. बसवत कुठे होतं!

*

आता नवरा.

नवरा फुगेवाला आहे. कुणाचं दुकान उघडतं, कुणाचं मूल वर्षाचं होतं, कुणी साहेब निवृत्त होतात आणि सगळे मनातून खूश असतात, तिथे हा जाऊन फुग्यांची कमान बांधतो. आम्ही भेटलो तेच अडकलेल्या लिफ्टमुळे. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे गाडी थांबलेली. मी दार सरकवलं तर आधी एक पिवळा फुगा बाहेर आला. मग एक लाल. मग फुगेच फुगे, माझ्या खांद्यावरून, काखेतून, जिन्यावर. सगळ्यात शेवटी एक माणूस, घामाने निथळत, म्हणाला, "एकशेवीस होते. काही फुटले. मी नाही फोडले."

बारा फुटले होते. पंप खाली त्याच्या टेम्पोत राहिला होता, वर पाहुणे जमले होते. मी पायरीवर बसले आणि बाराच्या बारा तोंडाने फुगवून दिले. नऊ-नऊ मजले जिन्याने चढायची सवय आहे मला, छातीत दम आहे. तो बघतच राहिला. शेवटच्या फुग्याला गाठ मारताना माझे ओठ झिणझिणायला लागले. तासाभरात खालचा ओठ थोडा जाड झाला. घरी जाऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि ओठावर बोट ठेवून म्हटलं, अच्छा, म्हणजे हेच ते.

लोक म्हणतात छातीत होतं. मला ओठांत झालं.

वर्षभर होत राहिलं. दर रविवारी मी त्याच्या मदतीला जायची, पंपाला रांग लागली की तोंडाने फुगवायची, आणि संध्याकाळी ओठ झिणझिणायचे. इतका हमखास माणूस कुणाला मिळतो? मी हो म्हणून टाकलं.

लग्नानंतर तर काय, फुगे घरातच. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यातली आमची खोली म्हणजे अर्धं गोदाम. पलंगाखाली पोती. मोठ्या कामाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं पाय पसरून फुगवत बसतो, मग फुगे बाजूला सारतो, मग काही फुटतात.

कामावर वायरमन म्हणाला, "मॅडम, ओठ फार सुजलेत. साहेबांना म्हणावं, दमानं घ्या." सगळी टोळी हसली. मीही हसले. सासूबाई काही म्हणाल्या नाहीत, वाटीत साय आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाल्या, "ओठांना लाव गं पोरी," आणि इतक्या घाईने वळल्या की दाराची चौकट लागली त्यांना.

सासूबाई शाळांचे गणवेश शिवतात. रोज संध्याकाळी सहाला फिरायला जातात. लग्नाआधी सातला परत यायच्या. लग्नानंतर साडेसातला येतात, आणि हातात किल्ली असून दोनदा घंटा वाजवतात. दोन घंटांच्या मधे त्या जिन्यात उभ्या राहून खोकतात. असली सासू दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. म्हणूनच तिच्या देखत खाजवताही येत नाही.

*

बदल १. साबण. गुलाबाच्या वासाचा, नवऱ्याने आणलेला, इतका वासाचा की न्हाणीघरात माश्या भुलून यायच्या. साध्यावर आले. दोन दिवस. फरक नाही. कायद्याप्रमाणे गुलाब परत बसवला.

बदल २. आतले कपडे. मैत्रिणीने लग्नात दिलेला जाळीदार संच, ज्यात कापडापेक्षा भोकं जास्त. सुती वापरले. दोन दिवस. फरक नाही. नवऱ्याचा चेहरा पडला तो वेगळा.

बदल ३. कपडे धुण्याची पावडर. हे खातं सासूबाईंचं.

"आई, आपण पावडर कुठली वापरतो?"

"का? डाग राहिले?"

"नाही, असंच."

"असंच कुणी पावडर विचारत नाही. मी आता त्यात ते सुगंधी पाणीपण घालते. तुमचे कपडे म्हणून. नवीन आहात."

"आई, नका घालू."

"वास आवडत नाही?"

"आवडतो. पण... कामावर मधमाश्या मागे लागतात."

मधमाश्या! नवव्या मजल्यावर! पण त्यांनी मान डोलावली आणि सुगंधी पाणी बंद केलं. दोन दिवस. फरक नाही. मधमाश्यांची चौकशी मात्र रोज.

बदल ४. कामाची पँट. जाड कापड, शिवण नको तिथे. नवऱ्याचा ढगळ पायजमा घालून कामावर गेले. उस्तादांनी पाहिलं, वर पाहिलं, देवाला काहीतरी विचारलं, आणि मला यंत्राच्या पट्ट्यापासून दहा फूट लांब बसवलं. फरक नाही.

बदल ५. अंघोळीच्या पाण्यात ते जखमा धुवायचं औषध, दोन झाकणं.

बदल ५ बद्दल बोलायचं नाही.

(बोलते. आग आग झाली. मी न्हाणीघरात एका पायावर नाचले. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "गाणं छान आहे गं, कुठलं?")

*

फोनवर शोधलं तर आणखी आग. एक पान म्हणतं बुरशी. दुसरं म्हणतं लघवीचा संसर्ग. तिसरं म्हणतं घाई करू नका, कोरडेपणाने घर्षण होतं. चौथं म्हणतं जोडीदाराकडून आलेला आजार, आणि खाली एका उदास बाईचा फोटो, खिडकीतून बाहेर बघणारी. मला त्या बाईचा राग आला. तिला काय झालंय ते सांगत नव्हती, नुसती बघत होती.

चौथं पान मात्र मी तीनदा उघडलं. माझ्या आयुष्यात वापर हाच पहिला. त्याच्या आयुष्यात आधी एक होती. त्याने लग्नाआधीच सांगितलं होतं, मी मोठ्या मनाने "बरं" म्हटलं होतं. ते मोठं मन आता शोधून सापडेना.

हे कार्ड मी हत्यारांच्या पिशवीत ठेवायची. एक दिवस उस्तादांनी पाना काढायला पिशवीत हात घातला आणि कार्ड बाहेर आलं.

माझा श्वास तिथेच थांबला, चौथ्या आणि पाचव्याच्या मधे.

उस्तादांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. साबण. जाळीदार संच. कान हळूहळू लाल होत गेले. त्यांना तीन मुली आहेत, साठी ओलांडलेली आहे, आणि चाळीस वर्षं ते फक्त यंत्रांशी बोललेत. बराच वेळ त्यांनी कार्डाच्या एका कोपऱ्याकडे पाहिलं. मग यंत्राकडे तोंड करून, माझ्याकडे अजिबात न बघता म्हणाले,

"कार्ड चांगलं भरलंयस."

"हो उस्ताद."

"एका वेळी एकच बदललंयस."

"हो उस्ताद."

"सुरक्षा : ठीक, असं लिहिलंयस. तपासलीस?"

"तिचं काय तपासायचं? ती सुरक्षाच आहे."

"चाळीस वर्षांत मी जेवढ्या बंद लिफ्ट पाहिल्या, त्यातल्या निम्म्या सुरक्षेनेच बंद पाडलेल्या होत्या." त्यांनी कार्ड उलटं करून माझ्या हातात दिलं. "आणि डॉक्टरीणबाईंकडे जा. हे माझ्या खात्यातलं नाही. माझी सौ. जाते तिथे जा, पत्ता देतो. आता तो पाना दे. आणि यापुढे आपण यावर बोलायचं नाही."

मला वाटलं, उस्ताद लाजून काहीतरी यंत्राचं बोलले. मूल दोन वर्षं नको, असं आम्ही लग्नाआधीच ठरवलं होतं. पाकीट नेमाने आणलं जायचं, नेमाने वापरलं जायचं. एवढी एकच गोष्ट घरात शिस्तीत होती. तिच्यावर कोण संशय घेईल?

आणि डॉक्टरीणबाई? एक बदल बाकी होता. तो झाला की मग.

*

बदल ७ (सहावा विसरा, त्यात दही होतं).

वापर बंद.

पण हे नवऱ्याला सांगायचं कसं? तोंड उघडलं की हसू यायचं, हसू थांबलं की रडू. शेवटी कामावरून पाटी आणली. आमची नेहमीची, पिवळी, दोरी लावलेली: "दुरुस्तीचे काम चालू आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व." खोलीच्या दाराला अडकवली.

संध्याकाळी सहा. सासूबाई चपला घालत होत्या. त्यांनी पाटी पाहिली. वाचली. चपला काढल्या. फिरायला गेल्याच नाहीत. बसून काज करत राहिल्या, तोंडात सुई धरून, म्हणजे विचारावं लागू नये.

नवरा आला. त्याने पाटी पाहिली आणि खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी स्मित केलं. तिसऱ्या दिवशी आपली उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेला, फुग्यांच्या पोत्याला टेकून बसला, आणि मी पाणी प्यायला आले तर मान वर न करता एक निळा फुगा उगाच ताणत, सोडत, ताणत.

आणि माझी खाज गेली.

तीन दिवसांत. साफ. जणू कधी नव्हतीच.

मी कार्ड काढलं. साबण तोच, कपडे तेच, पावडर, पँट, सगळं जुनं परत बसवलेलं. एकच गोष्ट काढली होती. उस्तादांच्या कायद्याप्रमाणे आता लिहायला दुसरं काही शिल्लकच नव्हतं. मी लिहिलं:

बिघाड सापडला : नवरा.

आणि मग मशीनच्या खोलीत बसून इतकी रडले की खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कंपनीत तक्रार केली, लिफ्टमधून आवाज येतोय म्हणून.

*

चौथ्या दिवशी सासूबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या. "मी आज आठला येईन," म्हणाल्या. "नाहीतर साडेआठ. तुमचं काय ते बोला. आणि ती पाटी कंपनीची आहे, तिच्यावर चरा पडेल." गेल्या.

आम्ही दोघं. मधे चारशे फुगे, उद्याच्या कामाचे.

"सांग," तो म्हणाला.

"काय सांगू?"

"मी नको आहे का तुला?"

"तसं नाही."

"मग कसं? महिन्याभरात कंटाळलीस? वास येतो माझा? घोरतो?"

"घोरतोस. पण ते नाही."

"मग?"

"मला तू सोसत नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाला दूध सोसत नाही, तसा. अंगाला लागतोस. खाज येते. तिथे."

"कुठे?"

"तिथे!"

एक फुगा आपोआप फुटला, आम्ही दोघंही उडालो.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? साबण बदललास, माझा पायजमा घालून कामावर गेलीस, आईला मधमाश्या सांगितल्यास, पाटी लावलीस, आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुला मधमाश्यांचं कसं माहीत?"

"आई मला रोज विचारते, तिला चावल्या का म्हणून!"

मला हसू फुटलं. मग त्यालाही. आम्ही फुग्यांत आडवे होऊन हसलो, पोट दुखेपर्यंत, आणि मधेच तो एकदम उठून बसला, पांढराफटक.

"माझ्याकडून काही आलं असेल तर?"

"काही म्हणजे?"

"म्हणजे आधीच्या... सांगितलं होतं ना तुला. मला कधी काही झालं नाही. पण तसं काही असलं आणि मीच तुला दिलं असलं तर?" त्याने मधले फुगे बाजूला सारले. "उद्या जाऊ. दोघं. जे असेल ते दोघांचं."

मला सापडत नव्हतं ते मोठं मन त्याच्याकडे होतं तर! मी त्याचा हात धरला. हाताला काही खाज आली नाही. मी हे मनात लिहून ठेवलं.

*

डॉक्टरीणबाई जाड भिंगांच्या, ठणठणीत आवाजाच्या. बाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांना आतलं अर्धं ऐकू जात असावं, कारण मी बाहेर आले तेव्हा एका बाईंनी मला उठून जागा दिली.

मी कार्ड टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"नोंदी."

त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मधे दोनदा भिंगं पुसली. "तीस वर्षं पेशंट बघते, असा इतिहास कुणी आणून दिला नाही. दह्याचं मात्र पुन्हा करू नका. आणि हे औषधी पाणी? कपाळ माझं. तिथली कातडी गालापेक्षा नाजूक असते. साधं पाणी पुरतं, आणि गुलाबाला फुलदाणीत ठेवा."

मग प्रश्न. लघवीला जळजळ? नाही. स्राव, रंग, वास? नाही. कोरडेपणा, दुखणं? पहिले दोन दिवस, मग नाही. सुरू किती वेळात होतं? अर्ध्या तासात. तपासलं. नमुने घेतले, माझे आणि त्याचेही. त्याला आधीचंही विचारलं. तो टेबलाच्या कडेशी बोलायला लागला.

"विचारणं माझं काम," त्या म्हणाल्या. "सांगणं तुमचं. लाजणं इथे कुणाच्याच कामात बसत नाही. बोला."

तो बोलला.

"ठीक. अहवाल चार दिवसांनी. आता मला हे सांगा." त्यांनी कार्डावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "'बिघाड सापडला : नवरा.' कशावरून?"

"तो काढला आणि खाज गेली."

"तो एकटाच काढलात?"

"म्हणजे?"

"कंडोम वापरता?"

"दरवेळी," आम्ही दोघं एकदम, शाळेत म्हणतात तसं.

"मग हा तुम्हाला लागला कुठे?" त्या खुर्चीत मागे रेलल्या. "तुम्ही यंत्रं दुरुस्त करता ना? मधे एक थर आहे. याची कातडी तुमच्या कातडीला तिथे शिवलेलीच नाही. जे शिवलं ते काय?"

मी तोंड उघडलं. कार्डावर तिसऱ्या ओळीखाली, माझ्याच सुवाच्य अक्षरात, न तपासता लिहिलेलं: सुरक्षा : ठीक.

नवरा हटवला तेव्हा पाकीटही आपोआप कपाटात राहिलं होतं. म्हणजे मी दोन गोष्टी एकदम काढल्या होत्या. दोन! एकदम! उस्तादांनी मला गच्चीवरून खाली ढकललं असतं.

"काहींना रबर सोसत नाही," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "नक्की रक्त तपासून कळेल. त्याआधी एक विचारते. रबरी हातमोजे घातल्यावर हाताला पुरळ?"

"मी चामड्याचे घालते."

"बरं. फुगे फुगवताना ओठांना कधी खाज, झिणझिण्या, सूज?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या शर्टच्या खिशातून एका गुलाबी फुग्याचं शेपूट बाहेर आलं होतं.

मग मी जी हसायला लागले ती थांबेचना. टेबलाची कड धरली. डोळ्यांतून पाणी. तो हसत होता, मग अर्ध्यात थांबला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "त्या दिवशी, जिन्यावर. बारा फुगे. तू मला नंतर सांगितलंस, ओठ झिणझिणले, आणि तेव्हाच तुला कळलं की..."

"हो."

"म्हणजे ती ॲलर्जी होती?"

"अं..."

"वर्षभर? दर रविवारी? तू ॲलर्जीशी लग्न केलंस?"

"दोन्ही असेल रे! दोन्ही एकदम असू शकतं!" मी डॉक्टरीणबाईंकडे वळले. "असू शकतं ना?"

"एका वेळी एकच गोष्ट तपासता येते," त्या म्हणाल्या. "रबराचं मी बघते. दुसरं तुम्ही घरी बघा."

*

अहवाल. संसर्ग नाही, मला नाही, त्याला नाही. (त्याने तो कागद दोनदा वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून तिसऱ्यांदा वाचला, आणि रस्त्यात एका अनोळखी कुत्र्याला बिस्किटाचा अख्खा पुडा दिला.) रबराचं मात्र नक्की. डॉक्टरीणबाईंनी दम भरला: तोंडाने फुगवणं बंद, फुगे झोपायच्या खोलीत नकोत, त्यांची भुकटी हवेत उडते, दाताच्या डॉक्टरांकडे गेलात तरी आधी सांगायचं, कधी श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर पाटी लावत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

सासूबाईंना नवऱ्याने एवढंच सांगितलं, "आई, तिला रबर सोसत नाही. फुग्यांनी ओठ सुजतात." त्यांचे डोळे हळूहळू मोठे झाले. "म्हणजे ती साय..." म्हणाल्या, आणि शिवणयंत्र जोरात चालवायला लागल्या, खाली कापड नसताना.

पण त्याच दुपारी त्यांनी स्वतः पोती ओढत जिन्याखालच्या खोलीत नेली. फुग्यांसाठी नवीन पंप आला, आणि रविवारी मी कमानीच्या तारा वाकवते, फुग्यांना हात लावत नाही. खरं तर मी तारा जास्त चांगल्या वाकवते.

राहता राहिलं पाकीट.

औषधाच्या दुकानात सहा गिऱ्हाईकं. नवरा कानात बोलल्यासारखं बोलला. दुकानदार म्हणाला, "काय? रबराशिवायचं?" आणि मागच्या पोटमाळ्याकडे तोंड करून, "अहो, ते बिनरबराचे कुठल्या खणात ठेवलेत?" वरून त्याची बायको ओरडली, "कोणते, पातळ की साधे?" दुकानदाराने नवऱ्याकडे पाहिलं. सहा गिऱ्हाइकांनी नवऱ्याकडे पाहिलं. माझा नवरा, ज्याला कमानीच्या ठेक्यातही घासाघीस जमत नाही, ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "दोन्ही द्या."

*

काम झाल्यावर लिफ्ट लगेच लोकांना देत नाहीत. आधी चाचणी घेतात. रिकामी वर, रिकामी खाली, मग वजन घालून.

सहा वाजले. सासूबाईंनी चपला घातल्या. जाता जाता त्यांनी खोलीच्या दाराची पाटी काढली, फडक्याने पुसली, आणि उलटी करून पुन्हा टांगली. मागच्या बाजूला लिहिलेलं असतं: "लिफ्ट चालू आहे."

"आठला येते," त्या म्हणाल्या. जिन्यात दोनदा खोकल्या, जाताना.

चाचणीचा तपशील कार्डावर नाही. त्या वेळी पेन्सिल कुठे होती, मला माहीत नाही.

मग आम्ही वाट बघत बसलो. पलंगावर, भिंतीला टेकून, चादर गळ्यापर्यंत, डॉक्टरांच्या बाकावर बसल्यासारखे. अर्धा तास.

"आली?"

"नाही."

"आता?"

"नाही रे."

"थोडीशी? कडेला?"

"कडेला पण नाही."

"खोटं बोलू नकोस, मला बरं वाटावं म्हणून."

"तुला बरं वाटावं म्हणून मी दुसऱ्या खूप गोष्टी करेन. आली नाही."

त्याने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. माझे ओठ झिणझिणत होते. मी हळूच बोट लावून पाहिलं. घरात फुगा नाही, भुकटी नाही, मी आठ दिवसांत रबराला शिवलेली नाही. मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग ओठांकडे, आणि असा लाजला की कानापर्यंत लाल, माझ्या उस्तादांसारखा.

सकाळी तिघं चहाला बसलो. सासूबाई ओततायत, मी पाव कापतेय. नवरा जागच्या जागी हलतोय, पाय थांबत नाही त्याचा. शेवटी राहवलं नाही. पुढे वाकून, त्याला वाटलं की हळूच, म्हणाला,

"अजून नाही ना आली?"

सासूबाईंचा हात कपावर थांबला. "कोण यायचंय?"

मी पाव खाली ठेवला. त्याने कपात तोंड घातलं. आमच्या खांद्यांनी हसायला सुरुवात केली होती, तोंडं अजून गंभीर होती.

"कुणी नाही, आई," मी म्हटलं. "कुण्णी येत नाहीये."

"मग एवढे खूश काय झालात?" त्या म्हणाल्या, आणि ओतलेला चहा बशीत सांडतोय हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.